चेंडू ठेवला तिथेच

आठ महिन्यांच्या बाळाला नवल वाटतं तेव्हा सगळ्यात आधी त्याचं चोखणं थांबतं. चोखणी तोंडात तशीच राहते. पाय झाडता झाडता हवेत गेले असतील तर हवेतच राहतात. आणि मग ते बघतं. मोठी माणसं असं बघत नाहीत. आपण बघता बघता विचार करतो, आपल्याकडे कोण बघतंय तेही बघून घेतो. बाळ नुसतं बघतं, सगळंच्या सगळं बाळ. हे मी एका काळ्या पडद्याला पाडलेल्या रुपयाएवढ्या भोकातून पाहत असे, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. आज हे लिहितानाही येतो.

२००४ च्या ऑगस्टात मी नागपूरहून ओहायोत मानसशास्त्राची पीएच.डी. करायला गेले. वडिलांनी कॉलनीत पेढे वाटताना ‘मुलगी डॉक्टर होणार’ एवढंच सांगितलं. कसली, ते सांगायचं टाळलं, कारण आमच्याकडे मानसशास्त्र म्हटलं की लोकांना थेट पागलखाना आठवतो. मी वेड्यांकडे नाही, बाळांकडे जाणार आहे हे कळल्यावर तर ते आणखीच गप्प झाले. आई म्हणाली, “बाळं बघायची तर लग्न कर की!” मी चिडले. मी लवकर चिडते. ते या गोष्टीत पुढे येईलच.

आमची लॅब एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. माझ्या गाइड साठीच्या घरातल्या अमेरिकन बाई, त्यांना सगळे पहिल्या नावाने हाक मारायचे. माझ्या तोंडून ते नाव काही निघेना आणि ‘मॅडम’ म्हटलं की त्या हसायच्या. म्हणून मी दोन वर्षं त्यांना हाकच मारली नाही. समोर जाऊन उभी राहायचे आणि त्या वर बघेपर्यंत घसा खाकरायचे. मनात मात्र त्या मॅडमच.

प्रयोगाची मांडणी साधी होती. बाळ आईच्या मांडीवर. आईच्या डोळ्यांवर पट्टी, म्हणजे तिच्याकडून बाळाला नकळत इशारा जायला नको. समोर बाहुल्यांच्या खेळाचा असतो तसा छोटा रंगमंच, त्यावर दोन पांढरे डबे, पुढून झडप असलेले. पडद्यामागून माझा हातमोजा घातलेला हात यायचा, लाल चेंडू बाळाला दाखवायचा आणि एका डब्यात टाकायचा. मग झडपा उघडल्या की कधी चेंडू असायला हवा तिथेच. कधी शेजारच्या डब्यात, कारण मागच्या मागे मी तो गुपचूप हलवलेला असायचा. पलीकडच्या खोलीत दुसरा विद्यार्थी टीव्हीवर फक्त बाळाचे डोळे बघायचा. रंगमंच त्याला दिसत नसे. बाळ बघतंय तोवर त्याने बटण दाबून धरायचं. बाळाने मान फिरवली की माझ्या कानात बारीक बझर वाजायचा.

चेंडू जागच्या जागी निघाला की बाळं जरा बघून माना फिरवायची. भलत्या डब्यात निघाला की बघतच राहायची. बझर वाजायचाच नाही. मला दर वेळी वाटायचं, अरे, तुला धड बसता येत नाही, सू कळत नाही, आणि वस्तू ठेवली तिथून आपली आपण हलत नाही हे तुला कळतं? कुणी सांगितलं तुला? देवळात गेल्यावर लोकांना जे वाटतं म्हणतात ते मला त्या तळघरात वाटायचं, आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हते, कारण संशोधकाने ‘बाळाचं बघणं वाढलं’ एवढंच म्हणायचं असतं.

हे झालं नवल. बाकीचा आठवडा घोटाळ्याचा. पदवीच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवायचं, त्यांचे पेपर तपासायचे, स्वतःचे कोर्स करायचे आणि उरलेल्या वेळात घरोघरी फोन करून बाळं मागायची. लोक धाडकन फोन ठेवायचे. जे येतो म्हणायचे त्यांच्या बाळाला नेमके दात यायचे, कान दुखायचा, नाहीतर बर्फ पडायचा. आलेल्यांपैकी निम्मी बाळं पडदा वर जायच्या आत भोकाड पसरायची. रडलेलं बाळ हिशेबात धरत नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या मेअखेरीला प्रत्येकाने आपला पहिला प्रोजेक्ट तीन प्राध्यापकांच्या समितीपुढे मांडायचा आणि समितीने ठरवायचं, हिला पीएच.डी.ला पुढे जाऊ द्यायचं की एम.ए. हातात देऊन निरोप द्यायचा. निरोप म्हणजे असिस्टंटशिप गेली, व्हिसा गेला, चला नागपूर. मला दोन डझन बाळं हवी होती. मार्च उजाडला तेव्हा निम्मीही झाली नव्हती.

म्हणून मी तिथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला गेले. शेजारच्या डब्लिन नावाच्या गावातल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम होता. नाटुकलं संपल्यावर आणि जेवणाच्या आधी मला माइकवर दोन मिनिटं दिली होती, म्हणजे नेमकी ती वेळ जेव्हा सगळं लक्ष श्रीखंडाकडे. मी घसा फोडून सांगितलं की सात ते नऊ महिन्यांची बाळं हवीत. फक्त एक गृहस्थ पुढे आले. साताऱ्याकडच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात मात्र जावयाचे पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. मंडळात सगळे त्यांना सर म्हणायचे. मी काका म्हटलं.

“आमची नात आठ महिन्यांची आहे,” काका म्हणाले. “पोर्शन काय?”

“पोर्शन नाही काका. परीक्षा नाहीये ती.”

“युनिव्हर्सिटीत बोलावता आणि परीक्षा नाही?” काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पेपर फोडायला नकार देतेय, पण तत्त्वाची मुलगी आहे म्हणून माफ.

पुढच्या शनिवारी काका, त्यांची मुलगी आणि नात आले. नात फार गोड, टकलावर दोन केस आणि त्यांना रबरबँड. मुलगी बाळाला घेऊन आत बसली आणि काका बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीसमोर. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना तिथे सगळा प्रयोग दिसायचा. नातीने तर कमाल केली. चेंडू भलत्या डब्यात निघाला आणि ती आ वासून बघत राहिली. संपता संपेना. पडद्यामागे मला उडी मारावीशी वाटली.

बाहेर आले तर काका ओशाळे होऊन बसलेले. “गोंधळली हो बिचारी,” ते हळूच म्हणाले. “उत्तरच आलं नाही तिला. बावळटासारखी बघत बसली.”

“काका, तेच तर हवंय! तिला नवल वाटलं.”

“हो, हो,” काका म्हणाले. शिक्षणाधिकारी तपासणीला आल्यावर मुख्याध्यापक जशी मान हलवतात तशी त्यांनी हलवली. मला ती ओळखता यायला हवी होती. आमच्या घरात दोन शिक्षक आहेत.

त्यानंतर मात्र डब्लिनहून बाळांची रीघ लागली. काकांनी मंडळात शब्द टाकला होता. कॅन्सल नाही, उशीर नाही, बाळं झोप काढून, दूध पिऊन, न्हाऊन-माखून हजर. रडण्याचं नाव नाही. मी मनात काकांना दंडवत घातला. आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. एकाही बाळाला नवल वाटेना. चेंडू भलत्या डब्यात निघाला की ही बाळं जरासं बघायची आणि मान फिरवायची. बझर. पुढचं बाळ, बझर. एक तर झडप उघडायच्या आधीच शेजारच्या डब्याकडे बघायला लागलं, आणि चेंडू तिथे निघाल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या.

मॅडमना वाटलं, चेंडू हलवताना आवाज होत असेल. आम्ही डब्यांना आतून जाड कापड लावलं. फरक नाही. मग त्यांना वाटलं, माझा हात दिसत असेल. पडदा बदलला. फरक नाही. एकदा त्या रिकाम्या रंगमंचाकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. एप्रिल सरत आला होता. आधीची बाळं एक सांगत होती, ही बाळं दुसरंच. दोन्ही मिळून काहीच सांगत नव्हती.

उलगडा केला तो टाळ्यावाल्याच्या धाकट्या दोस्ताच्या आईने. प्रयोग संपल्यावर ती डोळ्यांवरची पट्टी काढता काढता म्हणाली, “नीट झालं ना गं? सरांनी खूप प्रॅक्टिस करून घेतलीय. दर वीकेंडला क्लास असतो, आम्ही एकपण मिस नाही केला.”

“कसला क्लास?”

“हाच. चेंडूचा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्ता घेतला आणि पुढच्या रविवारी सकाळी मैत्रिणीची गाडी मागून डब्लिन गाठलं. वाटेत काय काय बोलायचं ते मोठमोठ्याने म्हणून पाहिलं. वयाचा मान, वगैरे, नंतर बघू. या माणसाने माझी दोन वर्षं पाण्यात घातली होती.

काकांच्या मुलीने दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि बेसमेंटचा जिना दाखवला. खाली चादरीवर सहा बाळं, काही आयांच्या मांडीवर, काही उशांना टेकवलेली. समोर चहाच्या टेबलावर दह्याचे दोन रिकामे डबे आडवे घातलेले. परदेशातल्या मराठी घरात दह्याचा डबा कधी फेकला जात नाही. त्यांचे तळ कापलेले, पुढे पुठ्ठ्याची झाकणं, मागे टेबलक्लॉथचा आडोसा. काकांनी ते सगळं एकदाच टीव्हीवर पाहून बनवलं होतं.

“या, या!” काका उठले. “बघा आता, एकही बाळ गोंधळत नाही.”

मी तोंड उघडलं होतं. पण काकांनी चेंडू डाव्या डब्यात टाकला, आणि सहाच्या सहा माना उजवीकडे वळल्या.

कुणी इशारा केला नव्हता. आया गप्प होत्या. सहा टकली डोकी, अजून जगात येऊन वर्ष न झालेली, एकदम वळली आणि उजव्या झाकणाकडे बघत राहिली. या खोलीत, या दोन डब्यांपाशी चेंडू इथे टाकला की तिथे निघतो, हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं. मी भांडायला आलेय हे मला आठवत होतं, पण मी तिथेच चादरीच्या कडेला बसले. आम्ही मोठी माणसं एक मत बदलायला आयुष्य घालवतो. यांनी तीन-चार रविवारांत सगळं जग बदलून घेतलं होतं, आणि शिवाय शांतपणे चोखणी चोखत होती.

मग मला सुचलं, कसं ते माहीत नाही. मी म्हटलं, “काका, एकदा चेंडू हलवू नका.”

“म्हणजे?”

“टाकला तिथेच राहू द्या. आणि दोन्ही झाकणं उघडा.”

काकांना ते पटलं नाही, पोरांचा अभ्यास बिघडेल अशी त्यांना भीती. पण त्यांनी केलं. चेंडू डावीकडे टाकला. माना उजवीकडे गेल्या. काकांनी दोन्ही झाकणं उघडली. उजवा डबा रिकामा. चेंडू डाव्या डब्यात, ठेवला तिथेच.

चोखण्या थांबल्या. पाय थांबले. टाळ्यावाल्याचे हात एकमेकांपासून वीतभर लांब तसेच राहिले. एक बाळ हळूहळू पुढे झुकत गेलं आणि उशीवरून कलंडलं तरी त्याने डोळे काढले नाहीत. चेंडू ठेवला तिथेच होता, जगातली सगळ्यात साधी गोष्ट, आणि सहा बाळं तिच्याकडे डोळे फाडून बघत होती. त्यांच्यामुळे मीही बघितलं. पंचवीस वर्षांत मी वस्तू ठेवलेल्या जागी सापडल्याचं एकदाही नवल केलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांना वाटलं, पोरं नापास झाली म्हणून. ते म्हणाले, “अहो, हे सिलॅबसबाहेरचं विचारलंत तुम्ही!”

मी काकांना रागावलेच नाही. चहा प्यायले, उप्पीट खाल्लं आणि परत आले.

पण नवलाने प्रोजेक्ट पुरा होत नाही. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या आधी इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला, मग तो परत लावून म्हणाल्या, “डब्लिनची सगळी बाळं काढून टाकावी लागतील.” मला ठाऊक होतं. मे महिन्यात मी समितीपुढे उभी राहिले ती जेमतेम डझनभर बाळं घेऊन. समितीत मॅडम, एक तरुण प्राध्यापक, जे कुणाचंही ऐकून मान हलवायचे, आणि स्टॅटिस्टिक्सचे म्हातारे प्रोफेसर. विद्यार्थी त्यांना फार भ्यायचे. वर्गात ते कुणावर ओरडत नसत, फक्त ‘आणि हे तुला कशावरून माहीत?’ एवढं विचारत, आणि माणूस खाली बसायचा.

मी जे होतं ते मांडलं. शेवटी बेसमेंटची हकिकतही सांगितली. सहा माना वळल्या ते सांगताना माझा आवाज चढला.

“गोष्ट चांगली आहे,” म्हातारे प्रोफेसर म्हणाले. “पण गोष्टच आहे. प्रोजेक्ट अपुरा आहे. माझं मत ‘नाही’.” तरुण प्राध्यापकांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. मॅडमनी टेबलावर हात ठेवला. “जुलैपर्यंत थांबा,” त्या म्हणाल्या. “परवानग्या मी काढते. शिकवलेली बाळं आणि न शिकवलेली बाळं, दोन्ही लॅबमध्ये. बटण दाबणाऱ्याला कोण कुठलं ते माहीत नसेल. तुम्ही स्वतः या. मग मत द्या.” त्यांनी माझ्यासाठी कुणाकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर आल्यावर मी त्यांना त्यांच्या पहिल्या नावाने थँक यू म्हटलं. तोंडून निघालं एकदाचं.

काकांना फोन केला तर त्यांना आनंद मावेना. “म्हणजे आमचा अभ्यासक्रम तुमच्या युनिव्हर्सिटीने मान्य केला म्हणा की!” मी हो म्हटलं. या वेळी मात्र मी त्यांना सज्जड दम दिला, चेंडू एकदाही जागेवर ठेवायचा नाही, रविवारचा क्लास होता तसाच चालू राहिला पाहिजे. त्यांनी दिलेला शब्द पाळला. परतीचं तिकीट जुलैअखेरचं होतं, तोवर एकही रविवार चुकवला नाही.

जूनच्या एका शनिवारी म्हातारे प्रोफेसर तळघरात उतरले. खुर्ची दिली तर नको म्हणाले. बघायला एकच जागा होती, पडद्याचं भोक, ते मी त्यांना दिलं. म्हणजे मला आता बाळ दिसणार नव्हतं. मला फक्त डब्यांच्या मागची बाजू, माझे हात आणि शेजारी वाकलेल्या प्रोफेसरांचा चेहरा दिसत होता. पलीकडे टाळ्यावाला आईच्या मांडीवर बसलेला. या माणसाच्या एका मतावर मी राहणार की जाणार ते ठरत होतं.

चेंडू डाव्या डब्यात टाकला. हलवला नाही. झडपा उघडल्या.

बझर वाजला नाही. मी वाट बघितली. आईच्या खुर्चीची करकरही नव्हती. प्रोफेसरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा भोकाला आणखी जवळ नेला. त्यांचं तोंड जरासं उघडलं. त्या चेहऱ्यावरून मला पलीकडचा चेहरा कळला. तो जसा भोकातून इतके दिवस पाहिला होता तसाच्या तसा अलीकडे उमटला होता, सुरकुत्या आणि पांढऱ्या मिशीसकट. ज्या माणसाला सगळे भीत होते त्याचा चेहरा मी वीतभर अंतरावरून बघत होते, आणि मला त्याची जरासुद्धा भीती वाटत नव्हती.

कितीतरी वेळाने बझर वाजला. झडपा बंद केल्या. प्रोफेसर भोकापासून हलले नाहीत.

“सप्टेंबरात हे बाळ चालायला लागलेलं असेल,” ते कुजबुजले. “तेव्हा काय करतं ते बघायला तू इथे हवीस.”

मग त्यांनी एक बोट वर केलं, अजून एकदा. मी हातमोज्यानेच डोळे पुसले आणि चेंडू उचलला.